शेतमोजणीचा आरटीके सेट : दारव्ह्याकडच्या वावरांत दोन वर्षं वापरून

मी दारव्हा तालुक्यात वावरं मोजते. सरकारी मोजणी नाही, ती भूमी अभिलेखची. हद्दीचा कायदेशीर कागद त्यांच्याकडूनच घ्यायचा. माझ्याकडे येतं ते शेततळ्याच्या आखणीचं, ठिबकच्या मुख्य पाइपाच्या उताराचं, वावर सपाट करायचं काम. आणि भावाभावांना आपसात वाटणी समजून घ्यायची असेल तर तेही. आयटीआयला सर्व्हेअरचा ट्रेड केला, बारा वर्षं ऑटो लेव्हल (उंची-उतार मोजायची दुर्बीण) आणि टेपवर काढली आणि २०२३ च्या दिवाळीनंतर कर्ज काढून नागपूरहून आरटीकेचा सेट आणला, म्हणजे उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत ठिकाण सांगणारं यंत्र. दोन रिसीव्हर, एक तिपाई, दोन मीटरचा पोल, एक टॅबलेट, दोन लाख चाळीस हजार रुपये. घरात याहून महाग एकच वस्तू आहे, मामाजींच्या नावावरचा ट्रॅक्टर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. विकणाऱ्याशी माझं एका गोष्टीवरून वाजलं आहे, ते पुढे येईल, आणि मला जे सांगायचं आहे, वरचं आभाळ आणि सूर्य ह्या सेटची मापं कशी बिघडवतात, ते एका कंपनीपुरतं नाही. हजारो रुपये इसार देऊन असा सेट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला ते आधी माहीत असायला पाहिजे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी सेट कसा चालतो ते. एक रिसीव्हर तिपाईवर ठेवायचा, तो बेस. तो जागचा हलत नाही. आमचे मिस्टर त्याच्याजवळ बसतात, कारण बकऱ्या आणि पोरं दोन्ही तिपाईला धक्का देतात. दुसरा पोलवर, माझ्या हातात, तो रोव्हर. दोघेही एकाच वेळी तेच उपग्रह ऐकतात : अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू. बेस जे ऐकतो ते रेडिओवरून रोव्हरला कळवत राहतो. दोघांच्या ऐकण्यातली सारखी चूक वजा झाली की उरतं ते रोव्हरचं अचूक ठिकाण. टॅबलेटवर तीनच शब्द बघायचे. सिंगल म्हणजे मोबाइलसारखं, काही मीटर इकडे तिकडे. फ्लोट म्हणजे हिशोब जवळ आलाय पण पक्का नाही, वीतभर ते हातभर फरक. फिक्स म्हणजे एक-दोन सेंटिमीटर. माझ्या टॅबलेटवर फिक्स हिरव्यात येतं, फ्लोट पिवळ्यात.

उघड्या वावरात सकाळी पोल टेकवला की अर्ध्या मिनिटात हिरवं. तूर डोक्याएवढी झालेली असली तरी पोल वर काढून काम होतं. एका शेततळ्याच्या आखणीला पूर्वी मला अख्खा दिवस लागायचा, आता दोन तास. ऑटो लेव्हलला दोघं माणसं, स्टाफ (मापाची उभी पट्टी) धरणारा वेगळा, आणि मध्ये पऱ्हाटी आली की नजर अडते. ती सगळी कटकट गेली. ह्या बाबतीत सेटने पैसे वसूल केले आहेत, मनापासून सांगते.

आता होळीचं.

२४ मार्च २०२४, रविवार. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळाजवळ दोन भावांचं सात एकराचं वावर होतं. मोठा गावात, धाकटा पुण्यात कंपनीत. धाकटा होळीला आला होता, धुळवडीच्या रात्रीच्या गाडीने परत जाणार होता. दोघांनी ठरवलं, आई डोळ्यांदेखत आहे तोवर मधला धुरा, म्हणजे बांध, आखून घेऊ. मी साडेचारला सुरू केलं. चार कोपरे आणि विहीर झाली, सगळं हिरवं. मग चहा झाला, आईला वावरात आणायला कोणी मोटारसायकल घेऊन गेलं आणि सूर्य बुडाला. धुऱ्याचे दोन बिंदू राहिले होते. म्हटलं, टॉर्च आहे, उरकून टाकू.

पावणेआठच्या सुमारास मी निंबाच्या खुंटाजवळ पोल टेकवला. पूर्वेकडे पुनवेचा चंद्र वर आलेला, आजूबाजूच्या गावांत होळ्या पेटायला लागलेल्या, उघडं आभाळ, झाड नाही, तार नाही. पोलवरचा पाण्याचा बुडबुडा बरोबर मध्ये. आणि टॅबलेटवरचं हिरवं पिवळं झालं. मी थांबले. पुन्हा हिरवं आलं, बिंदू साठवला. सवयीने पोल उचलून परत त्याच जागी टेकवला आणि पुन्हा मोजलं. बासष्ट सेंटिमीटरचा फरक. तिसऱ्यांदा मोजलं, फ्लोट. उपग्रहांचं पान उघडलं. तिथे प्रत्येक उपग्रहाच्या आवाजाची एक उभी पट्टी असते. नैऋत्येकडच्या दोन पट्ट्या खाली बसत होत्या, पुन्हा उठत होत्या, जणू कोणी त्यांचा गळा दाबतंय आणि सोडतंय. काही मिनिटांनी दक्षिणेकडच्या. मग आग्नेयेकडच्या. उत्तरेकडच्या पट्ट्या मात्र उभ्या होत्या तशाच.

मोठा भाऊ शेजारी उभा होता. त्याने हळू आवाजात विचारलं, “ताई, हे मशीन कोनाच्या बाजूनं बोलून रायलं?”

रागाने नव्हतं विचारलेलं, म्हणून जास्त लागलं. बासष्ट सेंटिमीटर म्हणजे त्या धुऱ्याच्या लांबीवर कपाशीची जवळजवळ एक ओळ इकडची तिकडे. धाकटा काहीच बोलला नाही, खिशात हात घालून रुळाकडे बघत राहिला. मी खुंटी ठोकली नाही. सांगितलं, आज नाही होणार, आणि पोल उतरवला. आईला तिथून तसंच परत नेलं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी आणि मोठा भाऊ परत गेलो. धाकटा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. तेच दोन बिंदू वेगवेगळ्या वेळी तीन-तीनदा मोजले. तिन्ही वेळा फिक्स, आपसातला फरक दीड सेंटिमीटरच्या आत. दगड गाडले. पैसे दोघांनी दिले, अर्धे-अर्धे.

त्या आठवड्यात मी विकणाऱ्याला फोन केला. न बघता उत्तर मिळालं : अँटेना गेली, बदलून घ्या, अठरा हजार. दुसऱ्या एका माणसाने फोनवर सेटिंग सांगितलं. हिशोब किती पक्का झाल्यावर फिक्स म्हणायचं, याचा एक आकडा आत असतो. माझ्या सेटमध्ये तो ३ आहे. “दीडवर आणा, लगेच हिरवं येईल.” हिरवं येईल हे खरं. पण ते खोटं हिरवं असेल. ज्याच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ उभे आहेत त्या बिंदूवर खोटं हिरवं दाखवणं हे पाप आहे, असं मला वाटतं. तो आकडा मी आजतागायत हलवलेला नाही. कोणी सांगितलं तरी हलवू नका.

अठरा हजार द्यायच्या आधी मी एक केलं. अंगणात तुळशीजवळ सिमेंटचा ठोकळा ओतून त्यात खिळा बसवला. रोज त्याच खिळ्यावर पोल, सकाळी सहाला, दुपारी एकला, संध्याकाळी साडेसहा, साडेसात, साडेआठ, साडेनऊला. वहीत लिहीत गेले. पंधरा दिवसांत वही सरळ बोलायला लागली. सकाळ कायम चांगली. दुपारी आडवं माप बरं, उंची थोडी हलकी. संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत ठीक, आणि मग बऱ्याच रात्री साडेदहापर्यंत फ्लोट, काही रात्री मात्र काहीच नाही. अँटेना बिघडली असती तर ती घड्याळ बघून बिघडली नसती. मे लागल्यावर संध्याकाळचा त्रास कमी होत गेला. अँटेना तीच होती.

मग वाचायला लागले. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर आहेत. त्यांचा आवाज खाली येताना आयनांबरातून येतो. साधारण ६० ते १००० किलोमीटर उंचीच्या ह्या पट्ट्यात सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितका उपग्रहाचा संदेश उशिरा पोहोचतो. वरपासून खालपर्यंत एक चौरस मीटरच्या खांबातले इलेक्ट्रॉन मोजायचं एकक आहे. त्या एका एककाने जीपीएसच्या मुख्य लहरीवर १६ सेंटिमीटरची चूक येते. १०० एककं असली की १६ मीटर. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत दुपारी आपल्या डोक्यावर अशी संख्या येते. मोबाइलमधलं जीपीएस एका ठोकताळ्याने त्यातली निम्म्याच्या आसपास चूक काढतं, बाकीची तशीच राहते. म्हणून फोन हातात धरून एकर मोजणारी ॲप वाटणीला वापरू नका. आपला सेट दोन वेगळ्या लहरी ऐकतो, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ. आयनांबर दोघींना वेगवेगळं अडवतं, त्या फरकावरून चूक किती ते काढता येतं. खोक्यावरच्या ‘मल्टी बँड’चा अर्थ हा. दुकानात तो कोणीच सांगत नाही, ‘जास्त सॅटेलाइट पकडतं’ एवढंच सांगतात.

आपला विदर्भ ह्या बाबतीत अवघड जागी बसलाय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बघितला. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त केरळ-तमिळनाडूच्या टोकावरून जातं. त्याच कारणाने रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं होतं, पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला गेलं. दिवसा तिथलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉन आणि आयनांना वर उचलतं. ते चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना खाली येतात, कारंज्याचं पाणी मधून उडून कडेला पडावं तसं. उत्तरेकडची कड मध्य भारतावर पडते. म्हणजे कारंजं थुंब्याला उडतं आणि भिजतो आपण.

संध्याकाळचा प्रकार वेगळा. सूर्य बुडाला की आयनांबराचा खालचा भाग पटकन विरतो, वरचा दाटच राहतो. वर जड, खाली हलकं, अशी उलटी रचना फार वेळ टिकत नाही. चुंबकीय विषुववृत्तावर खालून हलके फुगे सुटतात, शेकडो किलोमीटर वर चढतात आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण लांबत आपल्यापर्यंत येतात. मग पूर्वेकडे सरकत जातात. त्यातून येणारा उपग्रहाचा आवाज थरथरतो. चुलीपलीकडे बसलेलं माणूस तापलेल्या हवेतून हलताना दिसतं ना, तसं. थरथर वाढली की रिसीव्हरचा धागा तुटतो आणि फिक्सचं फ्लोट होतं. होळीच्या रात्री पट्ट्या नैऋत्य, दक्षिण, आग्नेय अशा क्रमाने का बसल्या, ते मला हे वाचताना लख्ख कळलं. आपल्याकडे याचे दिवस मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या दिवसांत मावळतीची रेषा चुंबकीय रेषेच्या जवळजवळ सरळीत येते, दोन्ही टोकांना एकदम अंधार होतो आणि फुग्यांना जोर मिळतो. सूर्याचं चक्र अकरा वर्षांचं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात नासा आणि नोआने (अमेरिकेची सरकारी हवामान संस्था) सांगितलं की सूर्य त्याच्या कमाल काळात आहे. मी सेट घेतला तोच नेमका सगळ्यात खडतर वेळी.

पण होळीच्या रात्रीला आणखी एक गोष्ट होती. शनिवारी सकाळी सातच्या सुमारास सूर्यावर एक्स वर्गाची, म्हणजे सगळ्यात जोरदार गटातली, ज्वाळा उठली आणि त्यासोबत सूर्याने आपल्या अंगावरचा तापलेला, चुंबकत्व गुंफलेला वायू फेकला. तो पंधरा कोटी किलोमीटर तोडून सुमारे ३७ तासांत, म्हणजे रविवारी रात्री आठच्या सुमारास आपल्या वेळेने, पृथ्वीवर आदळला. त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वात खळबळ उडते, तिला भूचुंबकीय वादळ म्हणतात, आणि रात्री नऊच्या सुमारास ते जी-४ पातळीला गेलं होतं. पातळ्या पाचच असतात.

इथे मला काटेकोर राहायचं आहे, कारण हौसेने कोणीही म्हणेल की वादळामुळे मोजणी बिघडली. माझ्या टॅबलेटची नोंद पावणेआठची आहे. वादळ आठनंतरचं. सुरुवात त्या रोजच्या फुग्यांनीच झाली होती. वादळाने नंतर त्यात काय भर घातली ते माझ्या एका पोलवरून ठरत नाही. वादळ फुगे वाढवतं तसं दाबूनही टाकतं, आपल्याकडे तेव्हा किती वाजले आहेत त्यावर ते अवलंबून असतं. म्हणून ‘जी-४ म्हणजे काम बंद’ असं सरळ गणित विदर्भात चालत नाही.

सौरवारा खाली वावरापर्यंत येतच नाही. सूर्यापासून सुटलेले कण एरवी सेकंदाला तीनशे-चारशे किलोमीटरने वाहतात आणि पृथ्वीचं चुंबकीय कवच त्यांना बाजूने वळवतं. वाऱ्यासोबत आलेलं चुंबकत्व दक्षिणेकडे तोंड करून असलं तर मात्र ते आपल्या कवचाच्या रेषांशी जोडलं जातं आणि दार उघडतं. आत शिरलेली ऊर्जा ध्रुवांकडच्या प्रदेशात, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर, प्रचंड विद्युतप्रवाह चालवते आणि तिथली हवा तापवते. तापलेली हवा फुगते, तिथून वारे विषुववृत्ताकडे सुटतात, वरच्या हवेतल्या वायूंचं प्रमाण बदलतं. हे व्हायला तास लागतात. विद्युत क्षेत्र मात्र ध्रुवाकडून विषुववृत्तापर्यंत जवळजवळ तत्काळ पोहोचतं आणि थुंब्याचं ते कारंजं कधी दुप्पट जोराने उडतं, कधी बसतं. तापून फुगलेल्या हवेचं उदाहरण फेब्रुवारी २०२२ चं आहे. ३ तारखेला स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले होते, सुरुवातीला सव्वादोनशे किलोमीटरच्या आतच. वादळ मध्यम होतं, तरी त्या उंचीवर हवेचा अडथळा आधीपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला आणि त्यातले ४० पर्यंत उपग्रह वर चढूच शकले नाहीत, हवेत शिरून जळाले.

त्यानंतर मी सावध झाले आणि लगेच परीक्षा आली. १० मे २०२४, अक्षय तृतीया. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेततळ्याचं काम घेतलं होतं, पोकलेन ठरलेली, तासाचे पैसे चालू होणार. नोआच्या अंदाजात मोठा इशारा होता. आपल्या वेळेने रात्री साडेदहाच्या सुमारास वादळ सुरू झालं आणि जी-५ ला गेलं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदा. सकाळी साडेपाचला मी आधी अंगणातल्या खिळ्यावर पोल टेकवला. फिक्स यायला अर्ध्या मिनिटाऐवजी चार मिनिटं लागली, पण माप जुळलं. वावरात गेल्यावर एक दगड पक्का धरला आणि दर अर्ध्या तासाने त्याच्यावर परत येत गेले. आडवं बरोबर, उंची तीन-चार सेंटिमीटर वरखाली. तीन मीटर खोल शेततळ्याला ते चालतं, ठिबकच्या उताराला चाललं नसतं. काम झालं. त्याच दिवशी अमेरिकेत मक्याच्या पेरणीच्या ऐन हंगामात आरटीकेवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडून जात होते आणि शेतकऱ्यांनी पेरणी थांबवली होती. त्या बातमीने मला फार धीर आला. तिथे कोणी ‘अँटेना बदला’ म्हणालं नाही. त्याच रात्री लडाखमध्ये हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल उजेड टिपला. तो दोनशे किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनच्या अणूंचा असतो. घरातल्या पोरांना मी तो फोटो दाखवला आणि सांगितलं, माझा पोल सकाळी ज्याच्याशी भांडत होता ते हे.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८५९ च्या सप्टेंबरातल्या, आजवरच्या नोंदलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एकाची नोंद मुंबईत कुलाब्याच्या चुंबकमापकावर झाली, जगभरचे अभ्यासक आजही ती वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते काम १९०४ ला अलिबागला नेलं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा नागपुरातही आहे. मी सेट घेतला त्या दुकानापासून ती एकाच शहरात, आणि दुकानात ह्यातलं एक अक्षर कोणाला माहीत नव्हतं.

आता सेटचं बरं-वाईट. सगळ्यात मोठा गुण हा की तो खोटं बोलत नाही, निकषाचा आकडा ढिला केला नाही तर. होळीच्या रात्री त्याने एकदाच चुकीचं हिरवं दाखवलं, बाकी सगळा वेळ पिवळा राहिला. आणि ते एकदाचं हिरवं पकडायला पोल उचलून दुसऱ्यांदा टेकवणं पुरलं. दुसरा गुण, तो कच्ची नोंद साठवतो. उपग्रहांकडून आलेलं सगळं फाइलमध्ये राहतं, घरी येऊन संगणकावर पुन्हा हिशोब करता येतो. वादाच्या कामात ही फाइल मी दोन्ही पक्षांना पेनड्राइव्हवर देते. हे ज्या सेटमध्ये नाही तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

उणिवा बऱ्याच आहेत. रेडिओ पाच किलोमीटर जातो असं सांगितलं होतं, पऱ्हाटी उभी असताना दोनच्या पुढे गेला नाही. टॅबलेट एप्रिलच्या उन्हात दुपारी बारानंतर तापून बंद पडतो, मी त्याला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवते. त्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही, हाताची सावली करावी लागते. बेसच्या चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण आठ महिन्यांत फाटलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय. माहितीपुस्तक फक्त इंग्रजीत आणि त्यात आयनांबराचा उल्लेख दोन ओळींचा. ॲपमध्ये हिशोब कसा लागतोय हे दाखवणारे दहा आकडे आहेत, पण ‘आज आभाळ खराब आहे, थांब’ असं सांगणारा एकही नाही. ते करणं अवघड नाही. पट्ट्या थरथरताना सेटला दिसतातच.

बेस लांब ठेवू नका. बेस आणि रोव्हर जवळ असले की दोघांच्या डोक्यावरचं आयनांबर जवळजवळ सारखं असतं आणि चूक वजा होते. मी एकदा आठ किलोमीटरवरून काम केलं, दुपारी उंचीने दगा दिला. आता दोन किलोमीटरच्या पुढे बेसच उचलून नेते. आणि घरी एक खिळा ओता. शंभर रुपयांचं सिमेंट आहे. सेट विकणारा काय म्हणतो, आभाळ काय म्हणतं, ते त्या खिळ्यावर समजतं.

सेटसोबत दुकानातून न मिळालेली आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट फुकट आहे, नोआचा तीन दिवसांचा अवकाश हवामानाचा अंदाज. इंग्रजीत आहे, पण बघायचं एकच कोष्टक, तीन-तीन तासांचा केपी आकडा, म्हणजे वादळाचा जोर. ५ च्या खाली असला तर वादळ नाही. ५ म्हणजे जी-१, ९ म्हणजे जी-५. वेळ ग्रिनिचची असते, साडेपाच तास मिळवायचे. रात्री भाकरी झाल्यावर मी तो बघते, आई पंचांग बघायची त्याच वेळेला. आता सूर्यावर नजर ठेवणारं आपलं आदित्य-एल१ यानही तिकडे आहे. २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं, ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला आपल्या जागी पोहोचलं, आणि सौरवाऱ्याचे कण आणि चुंबकत्व तिथेच मोजतं. चारशे किलोमीटर वेगाचा वारा तिथून आपल्यापर्यंत यायला तासभर लागतो, आठशेचा असेल तर अर्धा तास. पोल गुंडाळून घरी यायला तेवढा वेळ पुरतो. त्या मोजमापावरून मराठीत फोनवर एक ओळ आली, ‘पुढच्या तासात अचूक मोजणी टाळा’, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांचं भलं होईल. कोणीतरी ते करावं अशी माझी मनापासून मागणी आहे.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मी संध्याकाळी सातनंतर दगड गाडत नाही. इसार घेतानाच सांगते. काही लोक नाराज होतात, पुण्या-मुंबईहून आलेले जास्त, त्यांची गाडी असते. एका गिऱ्हाइकाने तर दुसऱ्याला बोलावलं. मी त्याला थांबवलं नाही, पण फाटकाशी उभं राहून त्या दुसऱ्या मुलाला एवढं सांगितलं की प्रत्येक बिंदू दोनदा घे, पोल उचलून घे. त्याने रात्री नऊला मला फोन केला. पिवळं येऊन रायलं, ताई, काय करू? म्हटलं, घरी जा, सकाळी साडेसहाला ये.

पुढच्या वर्षी दुसरा रोव्हर घ्यायचा आहे. ह्याच सेटचा घेईन, विकणारा दुसरा बघेन. अँटेना अजून जुनीच आहे.